विश्लेषण : ‘काडेपेटीचा राजा’ बुडाला, तेव्हा पैसे कोणत्या देशाचे? इव्हार क्रूगर आणि सीमापार दिवाळखोरीचा गुंता

१२ मार्च १९३२, शनिवारची सकाळ. पॅरिसमधील एका हॉटेलात स्वीडन आणि अमेरिकेतील बँकर एका माणसाची वाट पाहात बसले होते. त्याने वेळ दिली होती, पण तो आला नाही. शेवटी त्याच्या घरी शोध घेतला, तेव्हा तो पलंगावर मृतावस्थेत आढळला. शेजारी पिस्तूल होते. त्याचे नाव इव्हार क्रूगर. जगातील दर चार काड्यांपैकी जवळपास तीन काड्या त्याच्या प्रभावाखालील कारखान्यांतून येत, असे तेव्हाचे अंदाज सांगतात. त्याच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच हे साम्राज्य कोसळले आणि एक प्रश्न उभा राहिला, ज्याचे उत्तर तेव्हा कोणत्याच देशाच्या कायद्यात नव्हते. कंपनी एका देशाची, मालमत्ता दुसऱ्या देशात, देणी तिसऱ्या देशात. मग दिवाळखोरी कोणत्या न्यायालयाने चालवायची?

क्रूगर कोण होता?

जन्म २ मार्च १८८० रोजी स्वीडनच्या काल्मार शहरातला. घरात काडेपेटीचा व्यवसाय होता, पण मुलाने आधी अभियांत्रिकी निवडली. स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेतून विशीतच पदवी घेऊन तो बाहेर पडला आणि अमेरिका, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका असा काही वर्षे भटकला. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींची कामे जवळून पाहिली. तिथेच त्याची ओळख झाली लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटशी, म्हणजे आपण ज्याला आरसीसी म्हणतो त्याच्याशी. स्वीडनमध्ये ते तंत्र तेव्हा नवे होते. त्यातील एका अमेरिकी पद्धतीचे हक्क घेऊन तो मायदेशी परतला आणि १९०८ मध्ये पॉल टोल या अभियंत्याबरोबर ‘क्रूगर अँड टोल’ ही बांधकाम कंपनी काढली.

कंपनी चालली, कारण क्रूगर काम वेळेत पूर्ण करून देण्याची लेखी हमी द्यायचा. उशीर झाला तर दंड आपण भरणार, लवकर झाले तर बक्षीस मालकाने द्यायचे. बांधकाम व्यवसायात असा करार कोणी करत नसे (आजही किती जण करतात, हा प्रश्नच आहे). १९१२ च्या ऑलिम्पिकसाठी स्टॉकहोममध्ये उभारलेल्या स्टेडियमच्या कामातही ही कंपनी होती. म्हणजे हा माणूस सुरुवातीपासून भामटा नव्हता. उत्तम अभियंता होता, शब्दाला जागणारा कंत्राटदार होता. पुढचे सगळे समजून घेताना हे विसरून चालत नाही.

काडेपेटीच का?

घरच्या कारखान्यांना आर्थिक ओढाताण होऊ लागली तेव्हा क्रूगर त्यात उतरला. १९१३ मध्ये त्याने छोटे कारखाने एकत्र केले. १९१७ मध्ये आपल्याहून मोठ्या प्रतिस्पर्ध्यालाही सामावून घेत ‘स्वीडिश मॅच’ ही एकच बलाढ्य कंपनी उभी केली. काडेपेटी ही किरकोळ वस्तू वाटते. पण त्या काळात चूल, दिवा, विडी, सगळ्यालाच ती लागत असे. श्रीमंत असो वा गरीब, घरात काडेपेटी हवीच. किंमत थोडी वाढली तरी खप घटत नाही. कोणत्याही सरकारला कर लावण्यासाठी याहून चांगली वस्तू सापडणे कठीण.

क्रूगरने नेमके हेच हेरले. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील सरकारांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. त्याने त्यांच्यापुढे साधा सौदा ठेवला : मी तुम्हाला मोठे कर्ज देतो, बदल्यात तुमच्या देशातला काडेपेटीचा मक्ता मला द्या. १९२५ मध्ये पोलंड, मग ग्रीस, युगोस्लाव्हिया, हंगेरी, लॅटव्हिया, रुमानिया, तिकडे दक्षिण अमेरिकेत पेरू आणि इक्वेडोर अशी यादी वाढत गेली. १९२७ मध्ये फ्रान्सला ७.५ कोटी डॉलर दिले. १९२९ मध्ये जर्मनीशी १२.५ कोटी डॉलरचा करार केला. एक खासगी माणूस युरोपातील सरकारांना कर्ज देत होता. २८ ऑक्टोबर १९२९ च्या अंकात ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याचा चेहरा मुखपृष्ठावर छापला. दुसऱ्याच दिवशी वॉल स्ट्रीटचा तो कुप्रसिद्ध काळा मंगळवार उजाडला.

अंबरनाथपर्यंत तो कसा पोहोचला?

भारतात सरकारने १९२२ मध्ये आयात काडेपेट्यांवर एका ग्रोसमागे, म्हणजे १४४ पेट्यांमागे, दीड रुपया जकात लावली. बाहेरून माल आणणे परवडेनासे झाले. यावर स्वीडिश मॅचने काढलेला मार्ग सरळ होता : माल भारतातच बनवायचा. १९२३ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा कारखाना उभा राहिला. हीच विम्को. अंबरनाथमध्ये आजही रिक्षावाल्याला विम्को नाका सांगितला की पुरते. ‘शिप’ आणि ‘होमलाइट्स’ या पेट्या तर अनेक घरांत वर्षानुवर्षे होत्या. देशी कारखानदारांनी या परदेशी वर्चस्वाविरुद्ध आवाज उठवल्यावर सरकारच्या टॅरिफ बोर्डाने काडेपेटी उद्योगाची चौकशी करून १९२८ मध्ये अहवालही दिला होता.

पैशांचे चक्र कसे फिरत होते?

सरकारांना कर्जे देण्यासाठी पैसा हवा. स्वीडन छोटा देश. तिथे इतके भांडवल नव्हते. ते होते अमेरिकेत. १९२३ मध्येच क्रूगरने ‘इंटरनॅशनल मॅच कॉर्पोरेशन’ ही कंपनी अमेरिकेत काढली आणि ली हिगिन्सन या जुन्या, प्रतिष्ठित बँकेमार्फत तिचे शेअर आणि कर्जरोखे विकायला सुरुवात केली. क्रूगर अँड टोलचे रोखेही तिकडे विकले गेले. अमेरिकी गुंतवणूकदारांनी त्याच्या कंपन्यांमध्ये एकूण सुमारे २५ कोटी डॉलर घातल्याचे सांगितले जाते. लाभांश भरघोस होता. क्रूगर अँड टोल दर्शनी किमतीवर २५ टक्के आणि त्याहून अधिक देत असे. बाहेरून पैसा घ्यायचा, पण नियंत्रण सोडायचे नाही, यासाठी त्याने एक हजारांश मताधिकार असलेले ‘बी’ वर्गाचे शेअर काढले. आज अनेक टेक कंपन्यांचे संस्थापक कमी-जास्त मताधिकाराचे शेअर ठेवतात. ही कल्पना त्याने शंभर वर्षांपूर्वी वापरली होती.

आता आकडे जुळवून पाहू. सरकारांना दिलेल्या कर्जावर व्याज मिळायचे पाच-सहा टक्के. गुंतवणूकदारांना द्यायचा लाभांश त्याच्या कितीतरी पट. मक्त्याच्या नफ्यातून ही तफावत भरून निघेल, असे तो सांगायचा. काही देशांत नफा खरोखर होताही. पण सगळी दरी त्यातून भरत नव्हती. मग नवा रोखा विकून जुन्याचा लाभांश द्यायचा, आणि नवा रोखा विकता यावा म्हणून आणखी मोठे कर्ज जाहीर करायचे. जोवर न्यूयॉर्कमध्ये खरेदीदार आहे तोवर चाक फिरत राहते.

हिशेब कोणालाच का दिसला नाही?

आरसीसीच्या खांबात किती सळया आहेत, हे बाहेरून बघून कळत नाही. क्रूगरने कंपन्याही तशाच बांधल्या. मृत्यूनंतर मोजदाद झाली तेव्हा ४०० च्या आसपास कंपन्या सापडल्या. लिश्टेनश्टाइनमध्ये एक, नेदरलँड्समध्ये एक, स्वित्झर्लंड आणि जर्मनीत आणखी. अमेरिकेतला लेखापरीक्षक अमेरिकी कंपनीची वही तपासायचा. त्या वहीत लिहिलेले असायचे की पैसे युरोपातील उपकंपनीकडे आहेत. उपकंपनीचे आकडे क्रूगरच्या कार्यालयातून यायचे आणि तेच खरे धरले जायचे. स्वीडनमधल्या लेखापरीक्षकाला अमेरिकेतले दिसत नसे, अमेरिकेतल्याला लिश्टेनश्टाइनमधले दिसत नसे. पूर्ण चित्र फक्त एका माणसाच्या डोक्यात होते.

तारणाचेही तेच. अमेरिकी रोखेधारकांसाठी तारण म्हणून ठेवलेले फ्रेंच सरकारचे भक्कम रोखे त्याने काढून घेतले आणि त्यांच्या जागी युगोस्लाव्हियाचे कमकुवत रोखे ठेवले. करारात दर्शनी किंमत सारखी असावी एवढेच म्हटले होते, बाजारभावाचा उल्लेख नव्हता. अमेरिकी कंपनीच्या मालकीचे जर्मन सरकारचे रोखे फिरत फिरत स्वीडिश बँकेकडे कर्जाचे तारण म्हणून पोहोचले. पैसा सीमा ओलांडत होता. देखरेख मात्र प्रत्येक सीमेवर थांबत होती. क्रूगरचे खरे कौशल्य कोणते, असे विचारले तर काडेपेटी नाही, हे अंतर ओळखणे हेच म्हणावे लागेल.

माणूस म्हणून तो मितभाषी होता. लग्न केले नाही. स्टॉकहोम, बर्लिन, पॅरिस, न्यूयॉर्क या चारही शहरांत त्याची घरे होती. स्टॉकहोममध्ये त्याने १९२८ मध्ये मुख्यालय बांधले. लोक त्याला काडेपेटीचा महाल म्हणत. पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी टेबलावर खोटा टेलिफोन होता आणि पायाने कळ दाबून तो वाजवता येई, अशी एक कथा नेहमी सांगितली जाते. खरी असो वा रचलेली, त्याच्या व्यवहारांकडे पाहता ती लोकांना सहज पटली.

शेवटचे दिवस कसे होते?

मंदीत रोख्यांचे खरेदीदार संपले. १९३१ मध्ये क्रूगरने आपल्या ताब्यातील एरिक्सन या टेलिफोन कंपनीचे शेअर अमेरिकेच्या आयटीटीला देण्याचा करार केला आणि १.१ कोटी डॉलर उचलले. आयटीटीने मात्र हिशेब तपासायला प्राइस वॉटरहाऊसची माणसे पाठवली. एरिक्सनच्या ताळेबंदात रोकड म्हणून दाखवलेली रक्कम रोकड नव्हतीच. ते क्रूगरच्याच कंपन्यांकडून यायचे येणे होते. फेब्रुवारी १९३२ मध्ये आयटीटीने करार मोडून पैसे परत मागितले. स्वीडिश बँकांनी आणखी कर्ज देण्याआधी पूर्ण हिशेब मागितला. तो हिशेब मांडण्यासाठी पॅरिसची बैठक होती.

आदल्या दिवशी त्याने पिस्तूल खरेदी केले होते. फ्रेंच पोलिसांनी आत्महत्या म्हणून नोंद केली. त्याचा भाऊ टॉर्स्टन याने मात्र हा खून असल्याचे आयुष्यभर सांगितले आणि स्वीडनमध्ये या विषयावर आजही पुस्तके निघतात.

तो गेल्यावर काय झाले?

स्टॉकहोमचा शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. त्याच्या कंपन्यांच्या कर्जफेडीला स्थगिती मिळाली. प्राइस वॉटरहाऊसने वह्या उघडल्या तेव्हा तिजोरीत इटली सरकारचे सुमारे १४ कोटी डॉलर किमतीचे रोखे निघाले. ते खोटे होते. इटलीशी बोलणी फिसकटल्यावर क्रूगरने ते स्टॉकहोममध्ये छापून घेतले होते आणि सह्याही स्वतःच केल्या होत्या. त्याच्याकडून पक्षासाठी पैसे घेतल्याचे लपवल्यामुळे स्वीडनचे पंतप्रधान कार्ल गुस्ताफ एकमन यांना ऑगस्टमध्ये राजीनामा द्यावा लागला. छोट्या गुंतवणूकदारांची बचत गेली. स्वीडनमध्ये आणि अमेरिकेतही.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कागद खोटे असले तरी कारखाने खोटे नव्हते. स्वीडिश मॅच नफ्यात चालवता येणारी कंपनी होती. एरिक्सन होती, लाकूड-लगद्याची एससीए होती, बोलिडेनची सोन्याची खाण होती. या सगळ्या कंपन्या पुढे टिकल्या. स्वीडिश मॅच आणि एरिक्सन यांच्यावर वालेनबर्ग घराण्याच्या बँकेचा प्रभाव आला. अंबरनाथचा कारखानाही चालू राहिला. म्हणजे वाटून घेण्यासारखे बरेच काही उरले होते. वाटायचे कोणी, हाच वाद होता.

एप्रिल १९३२ मध्ये इंटरनॅशनल मॅच कॉर्पोरेशन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. ती अमेरिकी कंपनी, तिचे देणेकरी अमेरिकी. पण मालमत्ता जवळजवळ सगळी युरोपात. मे महिन्यात क्रूगर अँड टोल स्वीडनमध्ये दिवाळखोर ठरली. तिचे रोखे अमेरिकेत विकलेले असल्याने तिथेही तिच्याविरुद्ध वेगळी कारवाई सुरू झाली. क्रूगरची वैयक्तिक मालमत्ता हे तिसरे प्रकरण. अमेरिकी न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्ताने स्टॉकहोमला जाऊन रोखे मागितले, तर तिथल्या बँकेने ते का द्यावेत? तिच्या दृष्टीने ते तिच्याकडे रीतसर तारण होते. कंपन्या एकमेकींच्या धनको आणि ऋणको होत्या. प्रत्येक देशाच्या प्रशासकाचे कर्तव्य आपल्या देणेकऱ्यांना जास्तीत जास्त मिळवून देणे हे होते. दुसऱ्या देशाच्या आदेशाला मान देण्याचे बंधन कोणावरच नव्हते. वाटाघाटी, तडजोडी आणि खटले वर्षानुवर्षे चालले. जिवंत असताना क्रूगरने ज्या फटीचा फायदा घेतला, तीच फट त्याच्या मृत्यूनंतर देणेकऱ्यांच्या वाट्याला आली.

देशांनी एकत्र येऊन काय केले?

या वादाच्या मुळाशी दोन विचार आहेत. पहिला असा की जिथे मालमत्ता, तिथला कायदा. समजा एखादी कंपनी पुण्याची आहे आणि तिचे गोदाम दुबईत आहे. तर गोदाम दुबईतल्या देणेकऱ्यांनी वाटून घ्यावे. जो आधी पोहोचेल त्याचे फावते. दुसरा विचार म्हणजे कंपनीचे मुख्य घर जिथे, तिथेच एक कारवाई आणि जगभरच्या मालमत्तेचे एकत्र वाटप. हा न्याय्य वाटतो, पण त्यासाठी एका देशाच्या न्यायालयाने दुसऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

दक्षिण अमेरिकेतील काही देशांनी १८८९ च्या मोंटेव्हिडिओ करारात या विषयाला हात घातला होता. युरोपात ठोस पाऊल पडले ते क्रूगरच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलँड या पाच देशांनी दिवाळखोरीविषयक करारावर सह्या केल्या. एका देशात जाहीर झालेली दिवाळखोरी उरलेल्या चार देशांतल्या मालमत्तेलाही लागू होईल, हे त्याचे सूत्र. क्रूगरमुळेच तो झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. नॉर्डिक देशांत समान कायद्यांचे प्रयत्न आधीपासून चालू होते. पण सह्या झाल्या तेव्हा स्वीडनमध्ये त्या प्रकरणाचा निपटारा चालूच होता, हेही खरे. आणि त्याच्या सर्वात मोठ्या गुंत्याचे दुसरे टोक, म्हणजे अमेरिका, या करारात नव्हती. अमेरिकेने त्या वर्षी वेगळा धडा घेतला. १९३३ च्या रोखे कायद्याने गुंतवणूकदारांना खरी माहिती देणे बंधनकारक केले. क्रूगर प्रकरणाची सुनावणी त्याआधी सिनेटच्या समितीपुढे झाली होती.

त्यानंतर प्रगती मुंगीच्या पावलाने झाली. युरोपीय देशांनी दशके चर्चा करून १९९५ मध्ये करार तयार केला. तो ब्रिटनच्या सहीअभावी बारगळला, कारण ब्रिटिश गोमांसावरील बंदीवरून तेव्हा युरोपशी भांडण सुरू होते. शेवटी तोच मजकूर नियमाच्या रूपात आला आणि २००२ मध्ये लागू झाला.

कायदा नसतानाही न्यायाधीशांनी मार्ग काढल्याचे उदाहरण १९९१ चे. प्रकाशनसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल समुद्रात मृतावस्थेत सापडला आणि त्याच्या कंपनीचे पितळ उघडे पडले. कर्जे मुख्यतः ब्रिटिश बँकांची, मालमत्ता मुख्यतः अमेरिकेत. लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही न्यायालयांत कारवाई सुरू झाली. पण या वेळी दोन्ही न्यायाधीशांनी आपापल्या प्रशासकांना लेखी कार्यपद्धती ठरवायला लावली : कोणता निर्णय कोणाच्या संमतीने घ्यायचा, मालमत्ता कशी विकायची. याला प्रोटोकॉल म्हणतात. १९३२ मध्ये स्टॉकहोम आणि न्यूयॉर्क यांच्यात अशी व्यवस्था नव्हती.

१९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने आदर्श कायदा तयार केला. तो करार नव्हे; प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवून घ्यायचा नमुना. परदेशी प्रशासकाला थेट आपल्या न्यायालयात येऊ द्यायचे, कंपनीचे मुख्य हितसंबंध जिथे आहेत तिथली कारवाई मुख्य मानायची, तिला मान्यता मिळताच आपल्याकडील जप्त्या थांबवायच्या आणि न्यायालयांनी एकमेकांशी बोलायचे, हा त्याचा गाभा. जपान, अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर यांच्यासह सुमारे ६० देशांनी तो स्वीकारला आहे.

भारताचे काय?

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत २३४ आणि २३५ ही दोनच कलमे या विषयावर आहेत. परदेशाशी द्विपक्षीय करार करता येईल आणि तिथल्या न्यायालयाला विनंतीपत्र पाठवता येईल, एवढेच त्यात आहे. त्याचा कस लागला जेट एअरवेजच्या वेळी. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचे बोइंग विमान ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर थकबाकीपोटी अडवले गेले. मे महिन्यात डच न्यायालयाने जेटला दिवाळखोर जाहीर केले. जूनमध्ये मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने इथली प्रक्रिया सुरू केली आणि डच कारवाई ग्राह्य धरण्यास नकार दिला. स्टॉकहोम-न्यूयॉर्कचा पेच ८७ वर्षांनी मुंबई-ॲमस्टरडॅम असा पुन्हा उभा राहिला. पगार थकलेले कर्मचारी मुंबईत, विमान तिकडे.

अपील न्यायाधिकरणाने मध्यममार्ग काढला. दोन्ही देशांच्या प्रशासकांनी प्रोटोकॉल तयार केला आणि २६ सप्टेंबर २०१९ रोजी त्याला मान्यता मिळाली. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला प्रोटोकॉल. कंपनी त्यातून वाचली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. पण विमान कोणाचे यावरून दोन न्यायालये भांडत बसली नाहीत.

आदर्श कायदा भारतानेही स्वीकारावा, अशी शिफारस सरकारच्याच नादारी कायदा समितीने ऑक्टोबर २०१८ मध्ये केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात सीमापार दिवाळखोरीसाठी तरतूद आहे. मात्र त्यात सविस्तर प्रक्रिया नाही. ती केंद्र सरकारने नियमांद्वारे ठरवायची आहे. कोणत्या देशाच्या न्यायालयांवर भारतीय न्यायाधिकरणाने विश्वास ठेवायचा, हे त्या नियमांतूनच स्पष्ट होईल.